लढाईचें नुकसान कोणीं भरून द्यावें?

पुण्याहून अहमदनगरच्या रस्त्यानें जाऊं लागलें म्हणजे भीमा ओलांडण्यापूर्वीं, पेरणे गांवच्या हद्दींत, एक उंच दगडी स्तंभ लागतो. नदीपलीकडे कोरेगांव; तेथून शिरूर तालुक्यास आरंभ होतो. १ जानेवारी १८१८ रोजीं या कोरेगांवांत जी लढाई झाली तिच्याविषयीं आपण सर्वांनीं पुष्कळ वाचलें व ऐकलें आहे. दर वर्षीं त्या तारखेस तेथें मोठा जनसमुदाय जमतो. १९२७ सालीं त्याच दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें आले होते. त्या लढाईंत कोण जिंकलें आणि कोण कोणासाठीं लढलें, या वादांत मी आज शिरणार नाहीं. माझा प्रश्न अगदीं घरगुती आहे. त्या दिवशीं कोरेगांवांत ज्याचें घर पडलें असेल, ज्याचा बैल मेला असेल, ज्याच्या कणगींतले दाणे गेले असतील, त्याला तें कोणीं भरून द्यावयाचें? आणि भरून देण्यास कोणी बांधलेला होता काय?

लढाई कशी झाली तें थोडक्यांत सांगितल्याशिवाय या प्रश्नाचें गांभीर्य ध्यानांत येणार नाहीं. घोडनदीच्या कांठचें शिरूर हें त्या वेळीं कंपनीसरकारचें लष्करी ठाणें होतें. पेशव्यांची फौज पुण्यावर येत आहे अशी खबर आल्यावरून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन हा सुमारें आठशें माणसें आणि दोन तोफा घेऊन शिरूरहून पुण्याकडे निघाला. रात्रभर चालून सकाळीं कोरेगांवाजवळच्या उंचवट्यावर येऊन पाहतो तों नदीपलीकडे पेशव्यांचें अफाट सैन्य. त्यानें गांवाचा आश्रय घेतला. पेशव्यांकडील अरब व इतर पायदळही गांवांत शिरलें. म्हणजे ही लढाई उघड्या माळावर झाली नाहीं; ती झाली गल्ल्यांतून, भिंतींच्या आडून, लोकांच्या राहत्या घरांतून, आणि ती चालली दिवस बुडेपर्यंत. कंपनीकडील २७५ माणसें मेलीं, जखमी झालीं किंवा बेपत्ता झालीं. इतकें रणकंदन ज्या गांवांत झालें त्या गांवच्या घरांची, गोठ्यांची आणि पेंढ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कोणासही करतां येईल.

पुढें हिशेब झाला, पण तो लष्कराचा. स्टाँटनला गव्हर्नर जनरलनें आपला मानाचा ए. डी. सी. नेमलें, कंपनीच्या डायरेक्टरांनीं त्याला तलवार आणि रोख बक्षीस दिलें. २६ मार्च १८२१ रोजीं स्तंभाचा पाया घातला गेला आणि पडलेल्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलीं गेलीं. साध्या शिपायाचें नांव दगडावर कोरण्याची चाल तेव्हां आपल्याकडे नव्हती, आणि युरोपांतही ती फारशी रूढ झालेली नव्हती. या ४९ नांवांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं 'नाक' हें महार समाजांतलें पद आहे, ही गोष्ट त्या स्तंभाकडे पाहणारा कोणीही विसरत नाहीं. लढाईंत जखमी झालेला जमादार खंडोजी माळवदकर याच्याकडे १८२४ सालीं कंपनीनें या स्तंभाची राखण सोंपविली आणि त्याला जमीन दिली. आजच्या विषयाच्या भाषेंत बोलावयाचें तर युद्धांत एका व्यक्तीला झालेल्या इजेची आणि तिला मिळालेल्या मोबदल्याची अशी जोडी येथें स्पष्ट दिसते. परंतु ती जोडी जुळण्यासाठीं जखमी माणूस कंपनीच्या पगारावर असावा लागला. गांवांतल्या माणसाचा उल्लेख स्तंभावर कोठेंही नाहीं.

हा दोष एकट्या इंग्रजांचा, असें मात्र समजूं नये. लढणाऱ्याची काळजी घ्यावी हें तत्त्व आपल्याकडेही जुनें आहे. सभासदाच्या बखरींत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांना शिवाजीमहाराजांनीं चालविलें, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमें वेतन करून दिलें, आणि जखमींना जखम पाहून होन दिले, असें तींत सांगितलें आहे. जखम पाहून रक्कम ठरविणें, हें आजच्या भरपाईच्या कायद्याचेंही मूळ सूत्र आहे. पेशवाईंत युद्धांत पडलेल्यांच्या कुटुंबांस जें पोटास मिळे त्याला 'बालपरवेशी' म्हणत. आतां शब्द विस्मृतींत गेला; पण मागें राहिलेल्या लेकरांचें पालनपोषण हा राज्याचा खर्च आहे, असा स्वच्छ अर्थ त्यांत होता.

रयतेच्या नुकसानीलाही एक शब्द होता: 'पायमल्ली'. फौज आपली असो कीं परक्याची, ती ज्या शिवारांतून जाई तेथील उभें पीक घोड्यांच्या पायांखालीं जाई. अशा गांवांनीं हुजुरांत अर्ज केला म्हणजे चौकशी होऊन त्या सालच्या सारा-वसुलांत सूट मिळत असे. ही पद्धत चांगली होती यांत शंका नाहीं; पण तिचा पल्ला किती हें पाहण्यासारखें आहे. सूट मिळे ती सरकारदेण्यांत. ज्याची जमीन नाहीं त्याचें सरकारदेणेंच थोडें. त्याला सूट तरी कशांतून द्यावयाची? कुंभाराचीं मडकीं फुटलीं, विणकराचा माग मोडला, मजुराचा पाय गेला, तर पायमल्लीच्या तक्त्यांत त्याला रकाना नाहीं. शिवाय सूट देणें वा न देणें ही धन्याची मर्जी. अर्ज करणारा विनंती करी; दावा करीत नसे.

विनंती आणि दावा यांतला हा भेद १८१८ नंतर एका खटल्यांत लख्ख होऊन बाहेर आला. खटला पुण्याचा आहे, आणि युद्धासंबंधींच्या कायद्याच्या पुस्तकांतून त्याचा आजही उल्लेख होतो. म्हणून तो जरा विस्तारानें सांगतों.

नारो गोविंद औटी हे पेशव्यांचे विश्वासू कारभारी व खजिनदार. मे १८१८ मध्यें रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला तेव्हां ते त्या किल्ल्यावर होते. किल्ला सोडण्याच्या अटी ठरल्या आणि नारोपंत पुण्यास आपल्या घरीं येऊन राहिले. पुणें शहर नोव्हेंबर १८१७ पासूनच इंग्रजांच्या ताब्यांत होतें. जिंकलेल्या मुलुखाचा सर्व कारभार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे होता आणि शहरावर कॅप्टन रॉबर्टसन हा कलेक्टर म्हणून बसला होता. रॉबर्टसननें नारोपंतांस अटकेंत ठेवलें आणि त्यांच्याकडे सांपडलेलें सोनें जप्त केलें. सरकार म्हणे, हा पेशव्यांचा खजिना आहे. नारोपंतांच्या बाजूचें म्हणणें, ही खासगी दौलत आहे. नारोपंत पुढें वारले, परंतु त्यांच्या मिळकतीच्या व्यवस्थापकांनीं तें प्रकरण सोडलें नाहीं. मुंबईस सुप्रीम कोर्ट स्थापन झाल्यावर त्यांनीं थेट एल्फिन्स्टनवर फिर्याद गुदरली. एल्फिन्स्टन त्या वेळीं मुंबईचा गव्हर्नर होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे फिर्यादींच्या धैर्याचें कौतुक वाटतें. आणि सुप्रीम कोर्टानें निकाल फिर्यादींच्या बाजूनें दिला, याचें त्याहूनही अधिक.

अपील विलायतेस गेलें. १८३० सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. लॉर्ड टेंटर्डन यांनीं दिलेल्या निर्णयाचा आशय असा: वेळ, स्थळ आणि व्यक्ति या तिन्ही गोष्टी पाहतां ही शत्रूच्या मालाची जप्ती ठरते. त्या क्षणीं पुण्यांत लढाई जुंपलेली नसेल. पण युद्ध संपलेलें नव्हतें. अशा कृत्याचा न्याय करण्याचा अधिकार साध्या दिवाणी न्यायालयास नाहीं. कांहीं गैर झालें असेल तर त्याची दाद सरकारकडेच मागितली पाहिजे.

हें शेवटचें वाक्य साधें दिसतें, पण ज्यानें घेतलें त्याच्याच दारीं जाऊन परत मागावयाचें, असा त्याचा व्यवहारांतला अर्थ होता. माझ्या मतें या निर्णयांतली कायद्याची बाजू जितकी पक्की आहे तितकी न्यायाची बाजू नाहीं. नारोपंतांचें सोनें खासगी होतें कीं पेशव्यांचें, हा मूळ प्रश्न प्रिव्ही कौन्सिलनें सोडविलाच नाहीं. तो प्रश्न आपल्यापुढें येऊंच शकत नाहीं एवढेंच त्यानें ठरविलें. आणि ज्या सरकारचा हा कारभार, त्याच सरकारच्या वतीनें एल्फिन्स्टननें ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं सातारा येथें जाहीरनामा काढून वतनें, इनामें आणि चालत आलेल्या नेमणुका चालूं ठेवण्याचें आश्वासन लोकांस दिलें होतें. त्यालाही अट होतीच: बाजीरावाची नोकरी दोन महिन्यांच्या आंत सोडली पाहिजे. म्हणजे रक्षण मिळावयाचें तें पक्ष बदलण्याच्या बोलीवर.

दक्षिणेंत मिळालेल्या लुटीची वांटणी हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. पेशव्यांचा जो खजिना व जडजवाहीर सांपडलें, तें कोणत्या सैन्याचें, यावर लॉर्ड हेस्टिंग्जची फौज आणि सर टॉमस हिस्लॉपची फौज यांच्यांत कित्येक वर्षें वाद चालला. वांटणीसाठीं खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन विश्वस्त नेमला गेला. ज्यांनीं घेतलें त्यांच्या हक्कांची छाननी इतकी बारकाईनें झाली! ज्यांचें गेलें त्यांच्यासाठीं असा विश्वस्त कोणी नेमला नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत सर्वत्र हीच रीत होती. हरलेलें राज्य जिंकलेल्या राज्याला खंडणी देई. फ्रान्सनें १८७१ नंतर जर्मनीला पांच अब्ज फ्रँक दिले ते असेच. १९०७ च्या हेग येथील करारांत प्रथमच असें कलम आलें कीं, युद्धाचे नियम मोडणाऱ्या राष्ट्रानें भरपाई द्यावी. पण ती कोणाला द्यावी, हें त्या कलमांत सांगितलेलें नाहीं, आणि पुढील शंभर वर्षें वकिलांना हा प्रश्न पुरला.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या व्हर्सायच्या तहांत, 'खंडणी' हा शब्द टाकून 'भरपाई' ही कल्पना स्वीकारली गेली. २३२ व्या कलमानें जर्मनीवर मुलकी प्रजेच्या जीविताचें व मालमत्तेचें नुकसान भरून देण्याची जबाबदारी घातली, आणि त्याच्या पुरवणींत नुकसानीचे प्रकार एकेक करून मांडले. कागदावर ही मोठीच प्रगति होती. कोणाचें घर, कोणाचा पाय, असा हिशेब प्रथमच आंतरराष्ट्रीय तहांत शिरला. पण लगेच त्या यादींत मित्रराष्ट्रांच्या शिपायांचीं पेन्शनें घालण्यांत आलीं आणि बिलाचा आंकडा फुगला. १९२१ सालीं तो १३२ अब्ज सुवर्णमार्क ठरला. त्यांतला ब्रिटिश साम्राज्याचा वांटा २२ टक्के, आणि त्या वांट्यांत हिंदुस्थानचा १.२० टक्का. जो थोडा पैसा प्रत्यक्ष आला तो खजिन्यांत जमा होण्यासाठीं. १९१७ सालीं जर्मनीच्या 'वोल्फ' या जहाजानें मुंबईच्या समुद्रांत पेरलेल्या सुरुंगानें 'मंगोलिया' ही आगबोट बुडाली; तसें नुकसान सोसलेल्या माणसाला अंशाच्या त्या अंशांतून आपला वांटा शोधून काढणें कितपत शक्य होतें, तें आपणच ठरवावें.

आतां कोणी म्हणेल, सरकारच्या दारीं कशाला जावें? विमा उतरवावा. येथें एक व्यावहारिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या घरच्या आगीच्या विम्याचा कागद काढून पाहा. युद्धामुळें झालेलें नुकसान त्यांतून वगळलेलें आढळेल. यांत विमाकंपनीचा लबाडपणा नाहीं. हजार घरांपैकीं वर्षांत एखाद-दुसरें जळतें, म्हणून हजारांच्या हप्त्यांतून त्या एकाची भरपाई होते. युद्धांत हजारांतलीं पांचशें घरें एका रात्रींत जळूं शकतात. ज्या धोक्यांत सगळेच एकदम सांपडतात तो धोका आपसांत वांटून घेतां येत नाहीं, आणि वांटणी हाच तर विम्याचा प्राण आहे. असा धोका पेलण्याइतका मोठा खजिना एका सरकारचाच असतो.

दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें हें काम अंगावर घेतलें. १९४० सालीं मालाच्या युद्धविम्याचा वटहुकूम निघाला आणि १९४२ सालीं कारखान्यांचा. व्यापाऱ्यानें व कारखानदारानें सरकारकडे हप्ता भरावा; बाँब पडला तर सरकारनें नुकसान द्यावें. माणसांसाठीं १९४१ चा युद्धजन्य इजांचा वटहुकूम झाला, आणि १९४३ च्या कायद्यानें कामगारास युद्धांत इजा झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर घालून तिचा विमा सरकारकडे उतरविणें त्याला भाग पाडलें. येथें एक महत्त्वाचा फेर झाला. ज्यानें हप्ता भरला आहे तो विनंती करीत नाहीं; तो मागतो. मात्र हप्ता भरणारे होते गिरणीवाले आणि पेढीवाले. भाड्याच्या खोलींतील शिवणयंत्र, भांडीकुंडीं आणि ट्रंकेंतलें लुगडें यांचा विमा कोणीं उतरवावयाचा?

याचें उत्तर १४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं मुंबईला द्यावें लागलें. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज उभें होतें. पोटांत चौदाशें टनांवर स्फोटक द्रव्यें, आणि त्यांच्या जोडीला कापसाचे गठ्ठे. कापसाला आग लागली, ती विझेना, आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतरानें दोन प्रचंड स्फोट झाले. शेंकडों माणसें मेलीं, गोद्या आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्या उडून दूर दूर पडल्या, आणि पुढें कित्येक वर्षें गोदींतला गाळ उपसतांना सांपडत राहिल्या.

आतां कायद्याच्या दृष्टीनें पाहा. शत्रूचें विमान आलें नव्हतें, पाणबुडी आली नव्हती. तेव्हां हें युद्धाचें नुकसान कीं अपघाताचें? युद्धाचें म्हणावें तर शत्रूनें कांहीं केलेलें नाहीं. अपघाताचें म्हणावें तर युद्ध नसतें तर तो दारूगोळा कापसाच्या शेजारीं गोदींत आलाच नसता. आगीच्या विम्यांतून कंपन्यांस अंग काढून घेण्यास जागा होती. सरकारनें शेवटीं ही जबाबदारी पत्करली. १९४४ सालींच मुंबईच्या स्फोटाच्या भरपाईसाठीं स्वतंत्र वटहुकूम निघाला आणि ज्यांनीं नुकसानीचे अर्ज केले त्यांस पैसे देण्यांत आले. कोणी म्हणेल कीं, युद्ध चालूं असतां देशांतलें पहिलें बंदर आणि तेथील व्यापार पुन्हा उभा करणें सरकारला भागच होतें, म्हणून हें औदार्य सुचलें. असेलही. पण अर्जदाराच्या हातीं पैसे आले, आणि सरकारनें स्वतःच्या युद्धसामग्रीनें झालेलें नुकसान भरून दिल्याचा दाखला राहिला, हें त्यामुळें कमी होत नाहीं. अर्थात् अर्ज करण्यासाठीं आपलें काय गेलें तें सिद्ध करावें लागतें. व्यापाऱ्याजवळ वह्या होत्या, नाहींतर पावत्यांच्या नकला दुसऱ्या पेढीवर होत्या. ज्या हमालाची खोली जळाली त्याचा पुरावाही खोलीबरोबरच जळालेला असावयाचा.

पुराव्याची ही अडचणच या सर्व विषयाचें मर्म आहे, असें मला वाटतें. हक्क आहे कीं नाहीं याची चर्चा पंडित करोत. सामान्य माणसाचा दावा बुडतो तो बहुधा कागदाअभावीं. आणि ही अडचण सोडविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो अगदीं अलीकडे, आपल्यांतल्या पुष्कळ कुटुंबांच्या डोळ्यांसमोर.

२ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें. कुवेतमध्यें त्या वेळीं दीड लाखाहून अधिक भारतीय होते. त्यांत मुंबईचे आणि कोंकणांतले लोकही होते. इराकांतून वाळवंट तुडवीत ते जॉर्डनमध्यें अम्मानला पोंचले आणि एअर इंडियाच्या विमानांनीं मुंबईस उतरले. बहुतेकांजवळ एक पिशवी आणि पासपोर्ट. घर, मोटार, बँकेंतली शिल्लक, थकलेला पगार, सगळें मागें राहिलेलें. नारोपंत औट्यांच्या व्यवस्थापकांप्रमाणें यांनीं कोणत्या न्यायालयांत जावयाचें होतें?

एप्रिल १९९१ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षासमितीनें ६८७ क्रमांकाच्या ठरावानें इराकवर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकली आणि त्यासाठीं जिनीव्हा येथें एक आयोग बसविला. इराकच्या तेलाच्या विक्रींतून आरंभीं ३० टक्के रक्कम या कामासाठीं काढून घ्यावयाची, असें ठरलें. आयोगानें दाव्यांचे वर्ग पाडले. पहिल्या वर्गांत केवळ देश सोडावा लागला एवढाच दावा. त्यासाठीं ठराविक रक्कम: एकट्यास २५०० डॉलर, कुटुंबास ५०००, आणि दुसऱ्या कोणत्याही वर्गांत दावा करणार नाहीं असें लिहून दिल्यास अनुक्रमें ४००० व ८०००. दुसरा वर्ग गंभीर इजेचा आणि मृत्यूचा. तिसरा एक लाख डॉलरपर्यंतच्या व्यक्तिगत नुकसानीचा. मोठ्या रकमा, कंपन्या आणि सरकारें यांचे वर्ग त्याच्या पुढचे.

पहिल्या वर्गाची मौज अशी कीं तेथें काय गेलें हें सिद्ध करावयाचेंच नव्हतें. आपण त्या काळांत तेथें होतों आणि तेथून निघालों, एवढें दाखविलें कीं पुरे. अर्जदारांचीं नांवें विमानांच्या, सीमेवरच्या नाक्यांच्या आणि परवान्यांच्या याद्यांशीं संगणकानें ताडून पाहिलीं गेलीं. पुरावा शोधण्याचें ओझें जळालेल्या घराच्या मालकावरून काढून जगभरच्या दफ्तरांवर टाकलें गेलें. आणि पैसे देतांना व्यक्तींचे दावे आधीं, कंपन्यांचे व सरकारांचे मागाहून, असा क्रम ठेवला गेला. वेलिंग्टनच्या विश्वस्तमंडळाची आठवण ठेवून हा क्रम पाहावा.

तरीही एक गोष्ट १८३० सालींच राहिली. आयोगाकडे व्यक्तीला स्वतः जातां येत नसे. दावा तिच्या सरकारनें मांडावयाचा. आपल्या परराष्ट्रमंत्रालयांत त्यासाठीं कुवेत कक्ष उघडला गेला, अर्ज तेथें गोळा झाले आणि पैसेही सरकारच्या हातूनच वांटले गेले. आयोगाकडे एकंदर सुमारें २७ लक्ष दावे आले. मागणी ३५,००० कोटी डॉलरांच्या वर होती. मंजूर झाले ५,२४० कोटी. घरें सोडून आलेल्यांच्या रकमा १९९० नंतरच्या दशकांत सुटूं लागल्या. शेवटचा हप्ता मात्र जानेवारी २०२२ मध्यें दिला गेला, आणि तो कुवेतच्या तेलकंपनीच्या नुकसानीपोटीं होता.

या व्यवस्थेचीही एक काळी बाजू आहे, ती झांकून ठेवणें बरें नाहीं. हा पैसा इराकच्या तेलाचा होता, आणि त्याच वर्षांत व्यापारबंदीमुळें इराकच्या सामान्य घरांतून औषधाची व अन्नाची टंचाई होती. सद्दामनें केलेल्या आक्रमणाचें देणें ज्यांनीं फेडलें त्यांतल्या बहुतेकांना त्यानें काय करावें हें कधीं विचारलें नव्हतें. व्हर्सायच्या वेळीं जर्मन मजुराची जी तक्रार होती तीच येथेंही उभी राहते, आणि तिला चांगलें उत्तर मला कोठें आढळलें नाहीं. २००० सालीं आयोगाचा वांटा २५ टक्क्यांवर आणि २००३ सालीं ५ टक्क्यांवर आणला गेला, एवढेंच.

कुवेतचें उदाहरण सर्वत्र चाललें, असेंही नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें वेठीस धरून नेलेल्या इटालियन माणसांनीं आपल्याच देशांतल्या न्यायालयांतून जर्मनीविरुद्ध निकाल मिळविले होते. ३ फेब्रुवारी २०१२ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ठरविलें कीं, एका राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्राच्या न्यायालयांत असें खेंचतां येत नाहीं. प्रश्न दोन सरकारांनीं बोलणीं करून सोडवावा. लॉर्ड टेंटर्डन यांचा निकाल आणि हा निकाल यांचे कायदेशीर आधार निराळे आहेत; परंतु फिर्यादीला दोघांनींही एकाच दिशेनें परत पाठविलें.

आपल्या देशांत १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळीं युद्धजन्य इजांविषयींचा कायदा पुन्हा करण्यांत आला आणि कारखाने व माल यांच्या विम्याचीही व्यवस्था झाली. १९७१ सालींही तसाच विमा आला. सीमेपलीकडून होणाऱ्या गोळीबारांत सांपडणाऱ्या मुलकी लोकांचा समावेश केंद्रसरकारच्या दहशतवादपीडितांसाठीं असलेल्या योजनेंत २०१६ सालीं करण्यांत आला. त्या योजनेच्या नांवांत शब्द आहे तो 'साहाय्य' हा. ती मृत्यूसाठीं आणि कायमच्या अपंगत्वासाठीं आहे. पडलेलें घर तींत बसत नाहीं.